क्लॅरीनं गोळा खाली उतरवला

टेकडीवरचा तुरुंग पाडायचं ठरलं तेव्हा अख्ख्या पोर्ट केलरमध्ये सगळ्यांत खूश माणूस होता क्लॅरी हॉबडे. त्याची खुशी मी अगदी जवळून पाहिली, कारण ती माझ्याच बारमध्ये साजरी झाली. स्टेशनासमोरचं हॉटेल तेव्हा मी चालवायचे. नवरा गेल्यापासून एकटीच.

क्लॅरी क्रेनवाला होता. लोखंडी गोळा झुलवून इमारती पाडणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरुणपणी गोदीतलं गोदाम फोडताना त्यानं रखवालदाराचा जबडा मोडला होता आणि त्यापायी त्याच टेकडीवर सात वर्षं काढली होती. पण लाजणाऱ्यातला तो नव्हे. "मी टेकडीचा पदवीधर आहे," असं कुणालाही खुशाल सांगायचा.

सरकारनं कैदी शहराबाहेरच्या नव्या तुरुंगात हलवले आणि टेकडी रिकामी झाली. तिथून समुद्र असा दिसतो की बघत राहावं. साहजिकच मोठं हॉटेल बांधायची योजना निघाली, आणि पाडकाम मिळालं ते क्लॅरी ज्या कंपनीत कामाला होता तिलाच.

"क्लॅरी, पहिला घाव तुझा हां," डेस कॅलिनननं ग्लास उंचावला. डेस म्हणजे बांधकाम कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी. त्याचं पोट आधी आत यायचं आणि मग तो.

"पहिला कसला? सगळेच माझे," क्लॅरी म्हणाला. "फक्त माझी कोठडी शेवटाला ठेवणार. ती सावकाश पाडायची. चवीचवीनं."

सगळे हसले. मीही हसले आणि सगळ्यांना एकेक ग्लास माझ्याकडून दिला.

आता त्या तुरुंगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नव्हतं. तो तुरुंग कैद्यांनीच बांधलेला. काळ्या पाण्याची शिक्षा झालेली माणसं इंग्लंडहून जहाजात कोंबून इकडे ऑस्ट्रेलियात आणली, टेकडीच्या पायथ्याशी तंबूत ठेवली. त्यांनी त्याच टेकडीची चुनखडी फोडली, दगड घडवला, भिंत उभी केली, आणि भिंत पुरी झाल्यावर त्यांनाच आत घालून दार लावून घेतलं. शिक्षा संपल्यावर बहुतेक इथंच राहिले. जायला पैसा कुणाकडे होता? लग्नं केली, पोरं झाली. म्हणजे आम्हीच. पण घरोघरी विचाराल तर सगळ्यांचे पणजोबा कप्तान! आमच्या गावात इतके कप्तान होऊन गेले की जहाजांवर खलाशाचं काम कोण करत होतं कुणास ठाऊक.

एनिड ट्रेगेअर यांचे आजोबाही कप्तानच. मिस ट्रेगेअर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. तुरुंगाच्या भिंतीला लागूनच त्यांचं बैठं घर. जन्म तिथला, सत्तरीकडे आल्या तरी घर तेच. बाई एवढ्या ताठ की गावातले मोठमोठे पुरुष त्यांना पाहून अजून सिगरेट लपवायचे. तुरुंग पाडू नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, मंत्र्यांची वेळ मागितली, चर्चमध्ये विषय काढला. लोकांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्या माझ्या बारमध्ये आल्या. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"बेरिल, तुझ्याकडे घडीच्या खुर्च्या आहेत ना?"

"आहेत की, मिस ट्रेगेअर. काही कार्यक्रम आहे का?"

"हो. उद्या सकाळी तुरुंगाच्या दारात बसायचंय. खुर्च्या दे, आणि तूही ये. तुला बसता येतं ना?"

नाही कसं म्हणणार? मला शाळेत त्यांनीच शिकवलेलं.

सकाळी आम्ही मूठभर बायका तुरुंगाच्या मोठ्या दारासमोर टोप्या घालून, थर्मास मांडीवर घेऊन ओळीनं बसलो. फेब्रुवारीचं, म्हणजे आमच्याकडचं भर उन्हाळ्याचं ऊन, आणि माशा अशा की चहाच्या कपावर हात ठेवूनच प्यायचा. रस्ता चढून क्रेन आली. मागून कंपनीचा मुकादम गाडीतून. क्रेन आमच्यापुढे येऊन थांबली, आणि क्लॅरी खाली उतरला.

"मिस ट्रेगेअर, बाजूला व्हा. उगाच धूळ खाल."

"मी सत्तर वर्षं या भिंतीचीच धूळ खातेय, मिस्टर हॉबडे."

"मग आज शेवटची खा आणि मोकळ्या व्हा!" क्लॅरी चिडला. "तुम्हाला काय जपायचंय इथं? तुम्ही कधी आत पाऊल तरी टाकलंय? मी टाकलंय. सात वर्षं बादली घेऊन झोपलोय आत. तुमच्यासारख्यांना ना, जुनी भिंत दिसली की फोटो काढावासा वाटतो."

मला वाटलं, आता बाई त्याला झाडणार. पण त्या खुर्चीवरून उठल्या. आवाज एकदम खाली आला.

"माझ्या आजोबांच्या घोट्यांवर चट्टे होते," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना, गोल. मी लहान होते, त्यांच्या पायाशी बसून खेळायचे. विचारलं, आजोबा, हे काय? तर म्हणायचे, नवीन बूट चावले गं. मरेपर्यंत त्यांचे बूट नवीनच होते. वडील सांगायचे, कप्तान होते. मीही सगळ्यांना तेच सांगत आले. ते कप्तान नव्हते, मिस्टर हॉबडे. ही भिंत त्यांनी बांधलीय, पायात बेड्या घालून. बरोबर आहे तुमचं, मी कधी आत गेले नाही. कुणी नेलंच नाही. तुम्ही न्या."

आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. आयुष्यभर ज्यांच्याकडून खरं बोलायला शिकलो, त्या बाईंनी हे भर रस्त्यात सांगितलं होतं.

क्लॅरी डोकं खाजवत उभा राहिला. मुकादम गाडीतून ओरडला, "हॉबडे, काय गप्पा मारतोस?"

"पाच मिनिटं द्या हो," क्लॅरीनं हात केला आणि बाईंना म्हणाला, "चला. नंतर मात्र खुर्च्या उचलायच्या."

आम्ही सगळ्याच त्यांच्यामागून आत शिरलो. दोन अंगणं ओलांडून मुख्य इमारत. आत लांबच लांब पोकळी, दोन्ही बाजूंना कोठड्यांचे मजले एकावर एक, मध्ये जाळी ताणलेली. कुणी उडी मारू नये म्हणून. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी आत ओलसर वास होता. क्लॅरी दुसऱ्या मजल्यावर थेट एका दाराशी जाऊन थांबला. शोधावं लागलं नाही त्याला.

"ही माझी," तो म्हणाला. आत जाऊन त्यानं हात पसरले. दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना टेकले. "ही एवढी. कोपऱ्यात बादली. सकाळी रांगेत जाऊन रिकामी करायची. उन्हाळ्यात संध्याकाळी दार लागलं की भट्टी. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो."

मिस ट्रेगेअर आत गेल्या. भिंतीचा गिलावा जिथं पडला होता तिथं दगड उघडा होता आणि त्यावर टाकीचे घाव स्पष्ट दिसत होते, तिरपे, एकाशेजारी एक. त्यांनी त्यावर बोटं ठेवली. दमलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

क्लॅरीला ते बघवेना असं मला वाटलं. तो दुसरीकडे तोंड करून बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेचना. कोण कुठं राहायचा, जेवणात काय असायचं, फाशीच्या दिवशी सगळा तुरुंग कसा चिडीचूप व्हायचा. मग शेजारच्या कोठडीकडे बोट करून म्हणाला, "इथं टॉमी लीच होता. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. ऐन उन्हाळ्यात तापानं फणफणला. हाका मारून मारून त्याचा घसा बसला, मग आम्ही सगळ्यांनी दारं बडवली. सगळा मजला बडवत होता. कुणी आलं नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा गार पडला होता. वर कळवलं काय, तर मुलाचं काळीज मुळातच कमजोर होतं."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" मिस ट्रेगेअरांनी विचारलं.

"कुणाला असणार? आम्हालाच. आत होतो त्यांना. त्यातलेही किती उरलेत?"

"आणि इथं हॉटेल झाल्यावर?"

क्लॅरी टॉमीच्या कोठडीत डोकावून आला, आपल्या कोठडीत एकदा डोकावला, आणि आम्हाला तिथंच सोडून तरातरा जिना उतरून गेला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो क्रेनवर चढलेला होता. यंत्र सुरू झालं, गोळा वर उचलला गेला. आमच्यातल्या एकीनं डोळे मिटून घेतले. मिस ट्रेगेअरांनी माझा हात धरला. गोळा हवेत थोडा हलला. मग हळूहळू, अगदी पाळण्यात मूल ठेवावं तसा, क्लॅरीनं तो जमिनीवर उतरवला आणि यंत्र बंद केलं.

"काय झालं?" मुकादम धावत आला. "बिघडलं का?"

"यंत्राला काही झालेलं नाही."

"मग तुला काय झालंय? काल तर नाचत होतास!"

"काल मला वाटत होतं मी सूड उगवतोय," क्लॅरी खाली उतरत म्हणाला. "आत्ता डोक्यात उजेड पडला. ज्यांनी आत हे सगळं केलं ना, त्यांचंच घाणेरडं काम करायला आलोय मी. टॉमीची कोठडी पाडली की टॉमी मेलाच नाही. मी मुळी आत नव्हतोच. या बाईंचे आजोबा कप्तान. सगळ्यांचं छान. मी नाही पाडणार."

"तुझी नोकरी गेली, हॉबडे!"

"जाऊ दे. बेरिल, त्या थर्मासमध्ये चहा उरलाय का?"

त्याच दुपारी गोदीजवळच्या हॉलमध्ये युनियनची सभा भरली. बायकांना एरवी आत घेत नसत, पण मिस ट्रेगेअर पुढच्या रांगेत जाऊन बसल्यावर त्यांना उठवणार कोण? त्यांच्या आडोशानं मीही बसले.

क्लॅरीनं मागणी मांडली: युनियनच्या एकाही माणसानं टेकडीवरच्या पाडकामाला हात लावायचा नाही. हॉलमध्ये गोंगाट झाला.

"क्लॅरीला घरची ओढ लागली!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"हसा लेको," क्लॅरी म्हणाला. "मला ओढ नाही लागली. मला ती जागा बघून अजून मळमळतं. म्हणूनच ती राहिली पाहिजे. तिथं हॉटेल झालं तर माझ्या कोठडीच्या जागी कुणी शहाणा पाय पसरून समुद्र बघत बसेल, आणि त्याला कुणी सांगायचं नाही की इथं काय चालायचं. सांगणारा मी आहे अजून. पण दाखवायला भिंत नको का? नुसत्या माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तर चोर!"

डेस कॅलिनन टेबलामागून म्हणाला, "क्लॅरी, लेका, ते सगळं खरं. पण पोरांची मजुरी बुडते त्याचं काय? आणि कामगारांनी तुरुंगासाठी काम सोडलं असं लोक ऐकतील तर हसतील."

तेव्हा पर्सी ग्रबॅम उठला. रंगारी. युनियनचा सगळ्यांत म्हातारा सभासद, आणि सभेत कधी तोंड न उघडणारा.

"तो तुरुंग सरकारनं नाही बांधला, डेस," तो म्हणाला. "माझ्या पणजोबानं बांधला. तोही कप्तान नव्हता. घरी आम्ही हे दारं लावून बोलायचो. आता मी म्हातारा झालो, मला दार लावायचा कंटाळा आलाय. कामगाराचं काम आहे ते. बिनपगारी, चाबकाखालचं. आणि आपण कामगारांचीच युनियन ना?"

तो खाली बसला. मग एका सुतारानं बसल्या बसल्याच सांगितलं, त्याच्या आजीचा बापही टेकडीवरचाच. पलीकडून एक गवंडी म्हणाला, "आमचे दोघे. भाऊ-भाऊ." एवढी माणसं बोलायला लागली की कोण काय म्हणतंय ते कळेना. कुणी ओरडत होतं, कुणी चक्क डोळे पुसत होतं, आणि एक जण शेजाऱ्याला सांगत होता, "म्हणजे तुमचेही? अरे, मग माझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या आईनं नाक का मुरडलं होतं?"

डेसनं टेबल बडवलं. "गप्प बसा! मलाही सांगायचंय. माझाही पणजोबा तिथंच होता." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. डेसनं घसा साफ केला. "तो पहारेकरी होता."

असा हशा मी त्या हॉलमध्ये ना त्याआधी ऐकला ना नंतर. "बस खाली, डेस!" "याला कोठडीत घाला रे!" डेस बिचारा लालेलाल होऊन हसत राहिला आणि त्यातच त्यानं मतदान घेतलं. विरोधात एकही हात नव्हता.

कंपनीनं मग देशाच्या पार दुसऱ्या टोकावरून बाहेरची माणसं आणली. त्यांचं यंत्र जहाजानं आलं, पण गोदीकामगारांनी ते उतरवायला नकार दिला. टेकडीवरच्या क्रेनची किल्ली कुठं गेली ते क्लॅरीला आठवेना. ती माणसं दमून माझ्याकडे आली. त्यांचा म्होरक्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "बाई, सगळ्यांना थंड बियर."

"संपली."

"संपली? मग हा म्हातारा काय पितोय?"

"ते औषध आहे."

पर्सीनं ग्लास उचलला. "पोटाचा त्रास आहे मला," तो म्हणाला आणि एका घोटात सगळं औषध घेतलं.

"बरं, खोल्या तरी आहेत का?"

"सगळ्या भरल्यात."

"कुणी भरल्यात? खाली एक चिटपाखरू दिसत नाही!"

"लाजरी माणसं आहेत हो. खोलीतून बाहेरच पडत नाहीत."

पेट्रोलपंपावर त्याच दिवशी नळी फुटली. बेकरीवाल्याचा पाव त्यांच्यापुरता जळला. न्हाव्यानं सुद्धा दुकान बंद ठेवलं, आणि त्याला तर कुणी सांगितलंही नव्हतं. माणसं वाईट नव्हती ती, पोटासाठी आलेली. आल्या गाडीनं परत निघाली तेव्हा मी स्टेशनावर जाऊन सगळ्यांना खिम्याचे गरम पॅटिस बांधून दिले. म्होरक्या हसला. म्हणाला, "बाई, माझ्या बायकोकडचेही असेच बेड्या घालून आलेले. टास्मानियात. घरी सांगतो, मी हरून आलो म्हणून. ती खूश होईल."

आम्ही जिंकल्यासारखेच वागायला लागलो होतो, तेवढ्यात आंटी नेल आल्या. आंटी नेल नूंगार होत्या. म्हणजे ही भूमी मुळात ज्यांची, त्या लोकांतल्या. नदीपलीकडे राहायच्या आणि त्यांच्या लोकांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. क्लॅरी आणि मिस ट्रेगेअर माझ्या व्हरांड्यात बसून पुढं काय करायचं ते ठरवत होते. आंटी पायऱ्या चढून आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"वाचवताय तुम्ही ते. वाचवा. पण कुणाची गोष्ट सांगणार?"

"सगळ्यांची," क्लॅरी म्हणाला.

"सगळ्यांची म्हणजे तुमची. तुझे आजोबा बेड्या घालून जहाजातून आले, एनिड. माझ्या आजोबांच्या गळ्यात साखळी घालून त्यांना त्यांच्याच रानातून चालवत आणलं. का, तर मेंढी मारली. ज्या जमिनीवर ती मेंढी चरत होती ती कुणाची, हे कुणी विचारलं नाही. तुमचे लोक शिक्षा संपल्यावर जमीन घेऊन राहिले. आमचे सुटले ते जाणार कुठं?"

मिस ट्रेगेअरांनी उठून स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे केली. "भूगोल शिकवताना मी मुलांना हे कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "बसा, नेल. कुठून सुरुवात करायची ते तुम्ही सांगा."

"मी सांगेन ना," आंटी बसत म्हणाल्या. "पण मीच सांगेन. माझ्या वतीनं हा क्रेनवाला नको."

"कबूल," क्लॅरी म्हणाला. "मला तसंही खूप बोलायला लावलं की चुकतं."

एका रविवारी आम्ही तुरुंगाचं दार गावासाठी उघडलं. परवानगी कुणी दिली नव्हती. अडवणारंही कुणी नव्हतं, कारण पहाऱ्यावरचा पोलीस पर्सीचा जावई होता. आम्हाला वाटलं, शेजारपाजारचे लोक येतील. सकाळी मी टेकडीवरून खाली पाहिलं तर रांग वळसे घेत घेत थेट धक्क्यापर्यंत गेलेली. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, चर्चमधून परस्पर आलेले टायवाले, नदीपलीकडून आंटी नेलच्या लोकांच्या गाड्या भरभरून. रांगेतच लोक एकमेकांना विचारत होते, "तुमचे कोण?" कालपर्यंत हा प्रश्न विचारला असता तर मारामारी झाली असती.

क्लॅरी इमारतीत लोकांना घेऊन फिरत होता. आंटी नेल मागच्या अंगणात उभ्या होत्या. तिथं त्यांच्या लोकांना उघड्यावर कोंडायचे. त्यांच्याभोवतीची गर्दी अशी शांत की वरून जाणाऱ्या पाखरांचा आवाज यावा. मिस ट्रेगेअर भिंतीशी. त्या पोराटोरांचे हात धरून टाकीच्या घावांवर ठेवत होत्या. "बघ, इथं माणूस होता. इथं त्यानं हातोडा मारला. आता तू हात लाव."

दुपारी मंत्री आले. मूठभर बायका आणि एक जुना चोर एवढाच मामला असेल, दोन शब्द बोलून शांत करू, अशा बेतानं आलेले. रांग पाहून त्यांचा चेहराच बदलला. थेट दाराशी जायला निघाले तर रांगेतली एक बाई म्हणाली, "ओ साहेब, मागं लागा." आणि साहेब मागं लागले! उन्हात, कोट काढून, माशा वारत, धक्क्यापासून वरपर्यंत आले. वाटेत प्रत्येकानं त्यांना आपापला पणजोबा सांगितला.

क्लॅरीनं त्यांना आपल्या कोठडीत नेलं. "दार लावू का, साहेब? थोडा वेळच."

मंत्री हसले. "लावा."

दार लागलं. क्लॅरी बाहेर कडीवर हात ठेवून उभा. आतून आधी खाकरल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. क्लॅरीनं दार उघडलं तेव्हा मंत्र्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षं म्हणालात तुम्ही?"

"सात."

मंत्र्यांनी मान हलवली. तिथं काही आश्वासन दिलं नाही. पण पावसाळी थंडी सुरू व्हायच्या आत बातमी आली: हॉटेल रद्द. तुरुंग जसाच्या तसा जपायचा, कायद्यानं. डेस ती बातमी घेऊन भर रस्त्यातून पळत आला. त्याला पळताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. तोंडातून शब्द फुटेना, नुसता हात हलवत होता. आम्हाला वाटलं, त्याला झटका आला.

नंतर कामं पुष्कळ निघाली. शहरातून आलेल्या तज्ज्ञांना भिंती घासूनपुसून रंगवायच्या होत्या. क्लॅरी म्हणाला, माझी कोठडी छान दिसायला लागली तर मी क्रेन घेऊन येईन. तज्ज्ञ समजूतदार निघाले. भिंती पडणार नाहीत एवढंच केलं, चुन्याला चुना लावला, बाकी हात लावला नाही. पहिला वाटाड्या म्हणून सरकारनं क्लॅरीलाच नेमलं. गणवेश आला तेव्हा तो म्हणाला, "या तुरुंगाचा मला हा दुसरा गणवेश. या खेपेला निदान मापाचा दिलाय."

रीतसर उद्घाटनाला वसंतातला स्वच्छ दिवस मिळाला. सगळं गाव अंगणात. कार्यक्रम आंटी नेलनी सुरू केला, त्यांच्या भाषेत, आणि कुणी त्यांना घाई केली नाही. मग सरकारी पाहुणे बोलायला उठले. मिस ट्रेगेअरांकडे हात करून गोड आवाजात म्हणाले, "या शहराच्या आद्य वसाहतकारांपैकी एकांची नात आज आपल्यात आहे..."

मिस ट्रेगेअर उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशा.

"माफ करा. चूक आहे ते. माझे आजोबा जोसेफ ट्रेगेअर वसाहतकार नव्हते. कैदी होते. मालकानं मजुरी बुडवली म्हणून त्यांनी त्याच्या गवताची गंजी पेटवली. आणि माझं मत विचाराल तर, बरं केलं."

अंगण असं गरजलं की भिंतीवरची कबुतरं उडाली. टोप्या हवेत गेल्या. खाली बंदरात गोदीकामगारांनी आधीच सांगून ठेवलं असावं, कारण उभ्या असलेल्या जहाजांनी एकामागून एक भोंगे द्यायला सुरुवात केली. एक बोट, दुसरी, मग जहाजं ओढणाऱ्या लहानसहान टगबोटीसुद्धा. बाई हसत होत्या. मी त्यांना शाळेपासून ओळखते, पण त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

एका वर्तमानपत्रवाल्यानं क्लॅरीला बाजूला गाठलं. वही काढून म्हणाला, "मिस्टर हॉबडे, जिथं कैदी होता तिथंच आज तुम्ही यजमान आहात. या क्षणी काय वाटतंय?"

क्लॅरीनं टोपी मागं सारली, विचार केला, कपाळावरचा घाम पुसला.

"तहान लागलीय," तो म्हणाला. मग मिस ट्रेगेअरांना हात दिला, आंटी नेलना हाक मारली, माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, आणि समुद्रावरचा वारा अंगावर घेत आम्ही सगळे गोंगाट करत टेकडी उतरायला लागलो.